‘थेट विकास’ म्हणजे नेमकं काय थेट?

प्राणिशास्त्राच्या नोट्समध्ये एक व्याख्या हमखास सापडते. अंड्यातून बाहेर पडणारं पिल्लू प्रौढासारखंच दिसत असेल तर तो ‘प्रत्यक्ष विकास’. मधे डिंभाची, म्हणजे लार्व्हाची अवस्था येत असेल तर तो ‘अप्रत्यक्ष विकास’. कोंबडी प्रत्यक्ष, बेडूक अप्रत्यक्ष. दोन ओळी लिहिल्या, एक गुण मिळाला, पुढचा प्रश्न.

परीक्षेपुरतं हे ठीक आहे. पण यातले बरेच जण आता पीएचडीच्या तयारीला लागलेत, सिनॉप्सिस लिहायला बसलेत. तिथे हीच व्याख्या जशीच्या तशी उचलली, तर पुढचं सगळं काम वाकड्या पायावर उभं राहतं. उत्क्रांती आणि भ्रूणविकास यांचा एकत्र अभ्यास करणारी जी शाखा आहे, जिला आपण बोलताना ‘इव्हो-डेव्हो’ म्हणतो, तिच्यात ‘डायरेक्ट डेव्हलपमेंट’ हा शब्द रोज वापरला जातो. इतका, की तो तपासून घ्यावा असं कुणाला वाटत नाही. या लेखात तो तपासायचा आहे. शब्द फेकून द्या असं माझं म्हणणं नाही. तो कशाचं नाव आहे आणि कशाचं नाही, हे कळल्याशिवाय तो वापरू नये, एवढंच.

उदाहरणासाठी लांब जायची गरज नाही. खारेपाटण पुरेसं आहे.

एका खाडीतले तीन जीव

खारेपाटण हे कणकवली तालुक्यातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. रत्नागिरी जिल्हा संपून सिंधुदुर्ग जिथे सुरू होतो तिथलं. वरून सुख नदी येते, खालून विजयदुर्गाकडून वाघोटन खाडी आत शिरते. गावाच्या नावातच खारं पाणी आणि पाटण, म्हणजे बंदर, दोन्ही आहेत. पावसाळ्यात नदी बाजारपेठेपर्यंत येते, तेव्हा खाडीचं वरचं टोक जवळजवळ गोडं होतं. पाऊस सरला की खारेपणा हळूहळू परत वर चढतो.

या पाण्यात दहा पायांच्या कवचधारी प्राण्यांचे तीन गट आपण ओळखतो: कोळंबी, चिंबोरी आणि नदी-ओहोळातली कुर्ली. तिघांनाही जेवणाच्या ताटातून सगळे ओळखतात. आता त्यांचं बालपण बघा.

समुद्री कोळंबी, म्हणजे पीनीयस गटातली, अंडी थेट पाण्यात सोडते. अंड्यातून बाहेर पडतो तो नॉप्लियस: तीन जोड्या उपांगं, एक साधा डोळा, कोळंबीशी काडीचंही साम्य नाही. त्यानंतर प्रोटोझोइया, मग मायसिस, मग पश्चडिंभ. एवढी सगळी सोंगं समुद्रात बदलून झाल्यावर ती पिल्लं भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत वाढायला येतात.

चिंबोरी अंडी पोटाखाली धरते. ती लाखांत मोजायची असतात, कधी दहा लाखांच्याही वर. अंडी फुटण्याच्या वेळी मादी समुद्राकडे सरकते, कारण तिच्या पिल्लांना समुद्राइतकं खारं पाणी लागतं. अंड्यातून बाहेर येतो तो झोइया, पाठीवर काटा असलेला, तरंगणारा. झोइयाच्या पाच अवस्था, मग मेगॅलोपा, मग पहिली इवलीशी चिंबोरी. या सगळ्याला साधारण तीन-चार आठवडे लागतात.

आणि ओहोळातली कुर्ली? ती समुद्राचं तोंडही बघत नाही. तिची अंडी फार तर शेकड्यांत मोजायची, पण एकेक अंडं चांगलं मोठं, बलकाने भरलेलं. मादी ती पोटाच्या पट्टीखाली धरून बसते. त्यातून बाहेर पडतात ती पूर्ण आकाराला आलेली छोटी कुर्लीच असतात, आणि तीही काही काळ आईच्या पोटाखालीच राहतात. खेकड्याची पिल्लं आईचं पोट फोडून बाहेर येतात, अशी जी समजूत गावोगाव ऐकू येते, तिचं मूळ बहुधा याच दृश्यात असावं.

नोट्समधल्या व्याख्येप्रमाणे कोळंबी आणि चिंबोरी ‘अप्रत्यक्ष’, कुर्ली ‘प्रत्यक्ष’. विषय संपला?

नाही. चिंबोरीच्या अंड्यात डोकावलं तर तिथे नॉप्लियससारखी अवस्था दिसते. तीन जोड्या उपांगांचे अंकुर असलेला भ्रूण, ज्याला ‘अंड-नॉप्लियस’ म्हणतात. जी अवस्था कोळंबी उघड्या पाण्यात जगते, ती चिंबोरी कवचाच्या आत उरकून घेते. म्हणजे कोळंबीच्या शेजारी ठेवली तर चिंबोरीसुद्धा अर्धी ‘थेट’च झाली! आणि कुर्ली त्याच वाटेवर आणखी पुढे गेलेली, झोइया आणि मेगॅलोपाही अंड्यातच आटोपणारी.

इथेच पहिला आक्षेप. ‘थेट’ आणि ‘अप्रत्यक्ष’ हे दोन कप्पे नाहीत, ती तुलना आहे. कुणाच्या मानाने थेट, हे सांगितल्याशिवाय वाक्य अपुरं राहतं. ‘राजापूर जवळ आहे’ म्हटल्यावर ‘कुठून?’ हा प्रश्न येतो, तसा.

आणि मधल्या पायऱ्या कल्पनेतल्या नाहीत. जमैका बेटावर मेटोपॉलियस डिप्रेसस नावाचा खेकडा आहे. झाडांवर वाढणाऱ्या ब्रोमेलियाड वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात तो पिल्लं वाढवतो. त्याला झोइया आहे, पण अवस्था दोनच, आणि पिल्लांची सोय आई बघते. हा कुठल्या कप्प्यात टाकणार? म्हणून संशोधकांना ‘संक्षिप्त विकास’ असा तिसरा कप्पा करावा लागला. कप्पे वाढवायची वेळ येते तेव्हा बहुतेकदा कप्पा ही कल्पनाच तोकडी असते.

‘सरळ वाट’ ही प्रतिमा कुठून आली

खेकडे-कोळंब्यांवरून उत्क्रांतीचा विचार करण्याची परंपरा जुनी आहे. फ्रिट्झ म्युलर हा जर्मन निसर्ग-अभ्यासक १८५२ मध्ये ब्राझीलला गेला आणि पुढे देस्तेरो या किनाऱ्यावरच्या गावी राहिला. डार्विनचं ‘ओरिजिन’ १८५९ मध्ये आलं. म्युलरने ठरवलं की हा सिद्धान्त एखाद्या गटावर बारकाईने लावून बघायचा. गट निवडला कवचधारींचा. १८६४ मध्ये त्याचं छोटं पुस्तक आलं, ‘फ्यूर डार्विन’, म्हणजे ‘डार्विनच्या बाजूने’. कोळंबीचं पिल्लू नॉप्लियस म्हणून बाहेर येतं, हे त्यानेच त्या किनाऱ्यावर शोधून काढलं.

त्या पुस्तकातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. प्राण्याच्या वाढीत त्याच्या पूर्वजांचा इतिहास काही अंशी जपलेला असतो, पण तो दस्तऐवज दोन कारणांनी पुसट होतो, असं म्युलर सांगतो. एक, अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाट पिढ्यानपिढ्या अधिकाधिक सरळ होत जाते. दोन, मोकळ्या पाण्यात जगणाऱ्या डिंभांना स्वतःचा जगण्याचा झगडा करावा लागतो, त्यात त्यांची रूपं बदलतात.

‘सरळ वाट’ ही प्रतिमा तिथे स्पष्ट दिसते. लक्षात घ्या, म्युलरसाठी ती इतिहासाची गोष्ट होती. आधी वाट वळणाची होती, मग सरळ झाली. म्हणजे ‘थेट’ हा एका जुन्या वाटेच्या संदर्भातला शब्द होता. आज पाठ्यपुस्तकात पोचेपर्यंत तो संदर्भ गळून पडला आणि ‘थेट’ हा प्राण्याचा गुणधर्म बनला. रंग हिरवा, पाय दहा, विकास थेट.

दस्तऐवजाची उपमा खारेपाटणच्या माणसाला चटकन कळावी. रट्टराज शिलाहाराचा शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा ताम्रपट याच गावाच्या नावाने ओळखला जातो. दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ सांगणारं ते मोठं साधन. समजा त्या पत्र्यावरची मधली काही नावं घासली गेली असती. तेवढ्यावरून ‘हे राजे झालेच नाहीत’ असं कुठला इतिहासकार म्हणेल? पण कुर्लीला झोइया ‘नाही’ असं आपण सहज लिहितो. बाहेर दिसत नाही, एवढंच खरं तर आपल्याला माहीत असतं.

म्युलरनंतर दोन वर्षांनी, १८६६ मध्ये, हेकेलने याचा पक्का नियम करून टाकला: व्यक्तीची वाढ म्हणजे वंशाच्या इतिहासाची झटपट उजळणी. तो नियम त्या स्वरूपात आज टिकलेला नाही. पण त्याने मागे एक सवय ठेवली, डिंभ म्हणजे ‘जुनं’ आणि थेट म्हणजे ‘नवं, पुढारलेलं’ असं वाचण्याची. तिच्याकडे पुढे येतो.

एक शब्द, तीन अर्थ

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वेगवेगळ्या प्राण्यांवर काम करणारे लोक हा शब्द वेगवेगळ्या अर्थाने वापरतात, आणि एकमेकांचे पेपर वाचताना तो एकच आहे असं धरून चालतात. किमान तीन अर्थ वेगळे काढता येतात.

पहिला अर्थ: मोकळं जगणारा डिंभ नाही. आपली कुर्ली याच अर्थाने थेट. पश्चिम घाटातले झुडपी बेडूक, म्हणजे राओर्चेस्टीस प्रजातीतले, हेही याच अर्थाने. सिंधुदुर्गात पावसाळ्यात संध्याकाळी झुडपातून टिकटिक ऐकू येते, पण बेडूक काही केल्या दिसत नाही, ते हे. ते ओल्या जागी, पाण्याबाहेर अंडी घालतात आणि अंड्यातून इवले बेडूकच बाहेर पडतात. डबक्यातला शेपटीवाला भैरोबा त्यांच्या आयुष्यात येतच नाही. (प्रजातीचं हे नाव २०१० मध्ये दिलं गेलं, सी. आर. नारायण राव या भारतीय बेडूक-अभ्यासकाच्या सन्मानार्थ.)

दुसरा अर्थ: डिंभ आहे, पण तो खात नाही. इथे इव्हो-डेव्होमधलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण येतं. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर हेलिओसिडॅरिस प्रजातीच्या दोन समुद्री साळिंदरांवर (सी-अर्चिन) रुडॉल्फ रॅफ आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यातल्या ट्युबरक्युलाटा या जातीला लांब हातांचा, तरंगत खाणारा प्लूटियस डिंभ असतो. एरिथ्रोग्रामा या तिच्या अगदी जवळच्या जातीत प्लूटियस नाही, आणि काही दिवसांत साळिंदर तयार. तिचं अंडं आकारमानाने सुमारे शंभर पट मोठं. हिला ‘थेट विकासाची’ म्हणतात. पण नीट बघितलं तर तिलाही पाण्यात पोहणारा डिंभ आहेच! तो फक्त तोंडाने खात नाही, शिदोरीवर जगतो. पहिल्या अर्थाने ही जात थेट नाही, दुसऱ्या अर्थाने आहे.

तिसरा अर्थ: रूपांतरण होत नाही. कोंबडी, माणूस, सरडा या अर्थाने थेट. आता प्रश्न असा की झुडपी बेडूक या अर्थाने थेट आहे का? पोर्टो रिकोमधल्या ‘कोकी’ नावाच्या बेडकालाही भैरोबा नसतो. कॅलरी आणि एलिन्सन यांनी २००० मध्ये दाखवलं, की त्याच्या भ्रूणात थायरॉइड संप्रेरक अडवलं तर पुढची वाढ खुंटते, आणि संप्रेरक बाहेरून दिलं तर ती पुन्हा सुरू होते. म्हणजे भैरोबाचा बेडूक होताना जे संप्रेरक लागतं, तेच इथे अंड्याच्या आत काम करतंय. रूपांतरण गेलेलं नाही, आत गेलंय. डिंभ नाही, रूपांतरण आहे. पहिल्या अर्थाने थेट, तिसऱ्या अर्थाने नाही.

तीन अर्थ, आणि दोनच उदाहरणांत ते एकमेकांवर आदळले. आता एक असं उदाहरण, जे तिन्हींत बसायला तयार नाही, आणि तेही आपल्याच दारातलं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून २००३ मध्ये देवगांडुळाची एक नवी जात नोंदवली गेली: गेजेनिओफिस शेषाचारी. देवगांडूळ म्हणजे पाय नसलेला, मातीत राहणारा उभयचर. दिसतो गांडुळासारखा, पण त्याला पाठीचा कणा असतो. त्याच वर्षी आंबोलीतून गेजेनिओफिस डॅनिएली ही दुसरी जात नोंदवली गेली. मग २००८ मध्ये गोवर, गिरी, धारणे आणि शौचे यांचा पेपर आला. डोर्लेची ही जात अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते, आणि आशियातला अशा प्रकारचा हा पहिला ज्ञात उभयचर आहे, असं त्यात मांडलं होतं. जरायुजता देवगांडुळांमध्ये किती वेळा स्वतंत्रपणे आली, हा त्या पेपरचा खरा प्रश्न होता.

देवगांडुळांत बाकीचे प्रकारही आहेत. इक्थिओफिस प्रजातीत मादी ओल्या मातीत अंडी राखते आणि बाहेर पडणारे डिंभ पाण्यात जातात. इतर काहींमध्ये जमिनीतल्या अंड्यांतून थेट छोटे देवगांडूळ निघतात. आणि डोर्लेची जात आईच्या पोटातच वाढते. तिला ‘थेट’ म्हणायचं? डिंभ मोकळा नाही, म्हणून हो. पण ज्या भ्रूणाची वाढ आईच्या शरीरात होते, त्याला अंड्यातल्या भ्रूणाच्या पंगतीत बसवलं तर त्या पेपरने जो प्रश्न विचारला तोच पुसला जातो.

मराठीचा वेगळा घोटाळा

इंग्रजी शब्दाचे हे दोष मराठीत आले, वर दोन नवे चिकटले.

पहिला ‘प्रत्यक्ष’ या शब्दाचा. प्रति अधिक अक्ष, डोळ्यांसमोरचं. बोलण्यातही आपण ‘प्रत्यक्ष पाहिलं’ म्हणतो. ‘अप्रत्यक्ष’ म्हणजे आडून, न दिसता. आता बघा काय होतं. भैरोबाचा बेडूक होताना शाळकरी पोरंही डबक्यात बघतात, त्याला आपण ‘अप्रत्यक्ष’ म्हणतो. कुर्लीची सगळी वाढ अंड्याच्या कवचाआड, आईच्या पोटाखाली होते, कुणाच्या दृष्टीस पडत नाही, तिला म्हणतो ‘प्रत्यक्ष’! करांच्या बाबतीत ‘प्रत्यक्ष कर’ चालतं, कारण तिथे कर थेट भरणाऱ्यावर पडतो. तोच साचा इथे लावला आणि अर्थ उलटा झाला. म्हणून मी ‘थेट विकास’ वापरते, आणि तुम्हीही वापरावा असं सुचवते. निदान तो खोटी साक्ष देत नाही.

दुसरा घोटाळा ‘विकास’ या शब्दाचा, आणि तो ‘थेट’ने सुटत नाही. मराठीत विकास म्हणजे फुलणं, वाढणं, आणि आजच्या बोलीत सगळ्यात आधी रस्ता, धरण, प्रगती. भ्रूणाची वाढ हाही ‘विकास’. उत्क्रांतीला जुन्या लेखनात ‘विकासवाद’ म्हटलेलं सापडतं, मराठी विश्वकोशात ‘क्रमविकास’ आहे. एकाच शब्दाने तीन गोष्टी: एका जिवाची वाढ, वंशातला बदल आणि सुधारणा. आपली सगळी शाखा पहिल्या दोन गोष्टींचा संबंध काय, हेच विचारते. दोघींचं नाव एकच असेल तर प्रश्न मांडायलाच जागा उरत नाही. आणि तिसरी गोष्ट, सुधारणा, न बोलावता आत येऊन बसते.

‘उत्क्रांती’ हा शब्द या बाबतीत बराच बरा, कारण तो एका भ्रूणाला कुणी लावत नाही. त्यातही ‘उत्’ आहे, वर जाणं आहे, पण सवयीने ते झिजलंय. म्हणून माझा आग्रह इतकाच: वंशातल्या बदलाला उत्क्रांती म्हणा, एका जिवाच्या घडणीला भ्रूणविकास किंवा नुसती घडण म्हणा, आणि ‘क्रमविकास’ जुने लेख वाचण्यापुरता ठेवा.

हेकेलपासूनची सवय आणि मराठीतला ‘विकास’ एकत्र आले की वाक्य तयार होतं: ‘गोड्या पाण्यातल्या खेकड्यांनी डिंभावस्था टाळून अधिक विकसित पद्धत स्वीकारली.’ या धर्तीची वाक्यं सिनॉप्सिसमध्ये सर्रास दिसतात. खेकड्याने काही स्वीकारलेलं नाही, आणि ‘अधिक विकसित’ला काही अर्थ नाही. ही वाट एकेरीही नसावी. अमेरिकेतल्या प्लेथोडॉन्टिड सॅलॅमँडरांच्या वंशवृक्षावरून चिपिनडेल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये असा पुरावा मांडला, की थेट विकासाच्या पूर्वजांपासून पाण्यातला डिंभ एका शाखेत पुन्हा आला. पुढारलेला प्राणी मागे फिरला, असं म्हणणार का?

शब्दाच्या बाजूने

एवढी टीका केल्यावर न्याय म्हणून दुसरी बाजूही मांडायला हवी.

हा शब्द टिकून आहे कारण तो एक खरी, मोठी गोष्ट दाखवतो. खेकडे, बेडूक, देवगांडूळ, साळिंदर, सॅलॅमँडर अशा दूरदूरच्या वंशांत पुन्हापुन्हा तेच घडलेलं दिसतं: अंडं मोठं होतं, संख्या कमी होते, मोकळा डिंभ नाहीसा होतो. जगभरात खऱ्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या १,३०० हून जास्त जाती आहेत आणि त्या सगळ्या थेट घडणीच्या. त्यांची सगळी कुळं एकाच मुळातून आलेली नाहीत. दक्षिण अमेरिकेतलं ट्रायकोडॅक्टिलिडी हे कुळ वेगळ्या मुळाचं मानलं जातं. म्हणजे समुद्रातून गोड्या पाण्यात शिरताना खेकड्यांमध्ये एकच गोष्ट एकापेक्षा जास्त वेळा घडली. हे साम्य बघायला एक नाव लागतंच. नाव नसतं तर कुर्ली आणि झुडपी बेडूक यांची एका वाक्यात आठवण कुणाला झाली असती?

तेव्हा प्रश्न विचारण्यासाठी शब्द चांगला आहे, उत्तर म्हणून वाईट. ‘या जातीत डिंभ का नाही?’ ‘कारण तिच्यात थेट विकास होतो.’ हे उत्तर नाही, तोच प्रश्न दुसऱ्या कपड्यांत आहे.

याने बिघडतं काय?

‘शब्दांचा कीस कशाला, काम करा’ असं सांगणारे गाईड भेटतील. त्यांना दाखवण्यासाठी दोन ठोस ठिकाणं.

एक, वंशवृक्षाचं काम. गुणधर्मांचा तक्ता करताना तुम्ही अप्रत्यक्ष = ०, थेट = १ असं भरता. साळिंदराचा न खाणारा डिंभ, कुर्लीचं अंडं, डोर्लेच्या देवगांडुळाचा गर्भ, सगळ्यांना १. सॉफ्टवेअर बिचारं आकडाच बघतं. १ आणि १ सारखे, म्हणून ते एकच बदल झाला असं सांगायला लागतं, जिथे प्रत्यक्षात तीन वेगळे बदल आहेत. नंतर तुम्ही त्याच झाडावरून ‘थेट विकास किती वेळा आला’ हे मोजता. तुम्ही मोजत असता तुमचीच व्याख्या.

दोन, संवर्धनाचं काम. हे आपल्या खाडीशी जास्त जोडलेलं आहे. चिंबोरीचे डिंभ समुद्रात फिरतात, म्हणून एका खाडीतल्या चिंबोऱ्या कमी झाल्या तर दुसरीकडची पिल्लं येण्याची शक्यता उरते. सिंधुदुर्गात कांदळवनांच्या आधाराने खेकडापालनाचे प्रयोग झाले, त्यांचा सगळा हिशेब पिल्लं कुठून आणायची यावर अडतो. ती हॅचरीत काढायची तर झोइयाच्या पाचही अवस्था खाऱ्या पाण्यात जगवाव्या लागतात. राजीव गांधी सेंटर फॉर ॲक्वाकल्चरने तामिळनाडूत चिंबोरीची हॅचरी उभी केली ती यासाठीच.

कुर्लीचं गणित उलटं. तिचे डिंभ वाहून कुठे जात नाहीत आणि कुठून येतही नाहीत. पोटाखाली पिल्लं असलेली मादी उचलली तर तिच्याबरोबर पुढची पिढीही टोपलीत जाते, आणि समुद्र ती भरून देत नाही. एका ओहोळातल्या कुर्ल्या संपल्या तर त्या शेजारच्या ओहोळातून चालतच याव्या लागतील. पश्चिम घाटात जागोजागी वेगळ्या जाती सापडतात, २०१६ मध्ये पती, ठाकरे आणि खैरे यांनी एकाच पेपरात पाच नव्या जाती नोंदवल्या, त्याचं एक कारण हे असू शकतं.

‘असू शकतं’ हे शब्द मुद्दाम वापरलेत. ‘थेट विकास, म्हणून प्रसार कमी, म्हणून जाती जास्त’ ही साखळी ऐकायला गोड वाटते, आणि बरेच प्रस्ताव तिथेच थांबतात. पण कुर्ली पावसाळ्यात ओल्या जमिनीवरून चालते, पुरात पिल्लांसकट वाहूनही जाऊ शकते. तिचा प्रसार किती, हे मोजायचं असतं. शब्दातून काढायचं नसतं. ओहोळाओहोळातल्या कुर्ल्यांचा जनुकीय फरक तपासा, मग बोला. शब्दाने तुम्हाला प्रश्न दिला, उत्तर ओहोळात आहे.

मग लिहायचं कसं?

‘थेट विकास’ लिहा, पण त्याच्यामागे चार गोष्टी त्याच परिच्छेदात सांगा. पहिली: कुणाच्या तुलनेत थेट, म्हणजे कोणत्या नातलगाशी तुम्ही तुलना करताय. दुसरी: वाढ कुठे होते, अंड्यात, आईच्या पोटाखाली, आईच्या आत की पाण्यात. तिसरी: पोषण कशाचं, बलकाचं, आईचं की स्वतः मिळवलेल्या अन्नाचं. चौथी: रूपांतरण खरंच नाही, की आत होतं, की अजून कुणी तपासलेलंच नाही.

ही चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण तुमची जागा तिथे आहे. एखाद्या जातीची ‘थेट’ अशी नोंद अनेकदा मादीच्या पोटाखाली पिल्लं दिसली एवढ्यावरून झालेली असते. अंडं उघडून एकेक अवस्था बघण्याचं काम वेगळं आणि चिकाटीचं आहे. त्याला फार महागडी साधनंही लागत नाहीत: परवानगी, एक बरा सूक्ष्मदर्शक, आणि पावसाळ्यात ओहोळापाशी थांबण्याची तयारी. गाईडने ‘रिसर्च गॅप काय?’ विचारलं तर ‘या जातीत थेट विकास होतो असं लिहिलंय, पण आत काय होतं ते कुणी पाहिलं नाही’ हे उत्तर पुरेसं आहे. आधी खात्री मात्र करून घ्या, की खरंच कुणी पाहिलेलं नाही. त्यासाठी जुने पेपर वाचावे लागतात, आणि जुन्या पेपरांत ‘थेट’ कुठल्या अर्थाने लिहिलंय हे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं.

परीक्षेत मात्र दोन ओळींची व्याख्याच लिहा. तिथे गुण तिलाच आहेत.